आजीची स्मरणिका : माहिती जमवण्यापासून छपाईपर्यंत

घरातल्या थोरल्या बाईची स्मरणिका काढायची, असे बहुतेक घरांत तेराव्याच्या आसपास ठरते आणि वर्षश्राद्ध तीन आठवड्यांवर आले की सगळ्यांना आठवते. मग नातेवाइकांना निरोप जातात, वीस जण वीस लेख पाठवतात आणि विसांतही ती प्रेमळ, कष्टाळू, सुगरण आणि अगत्यशील असते. नाव झाकले तर ती पुस्तिका पेठेतल्या कुठल्याही आजीची म्हणून खपेल.

यात लिहिणाऱ्यांचा दोष थोडाच आहे. अडचण कागदांची आहे. आजोबांची नेमणूकपत्रे असतात, बढतीचे आदेश असतात, सातबारावर नाव असते. आजीने पन्नास वर्षे घर चालवले, वाड्यातल्या चार बाळंतपणांना धावून गेली, महिला मंडळाचा हिशोब ठेवला, पालखीच्या मुक्कामाला वारकऱ्यांचा स्वयंपाक केला. पण यातले जवळजवळ काहीच तिच्या नावाच्या कागदावर नाही. ते दुसऱ्यांच्या कागदांत आणि दुसऱ्यांच्या डोक्यात आहे. म्हणून अशा स्मरणिकेत लिहिण्याला वेळ कमी लागतो, शोधायला जास्त. काम दहा महिन्यांचे धरा : पाच महिने जमवाजमव, दोन महिने लेखन-संपादन, एक महिना मांडणी, एक महिना मुद्रितशोधन आणि छपाई, एक महिना हातचा. वर्षश्राद्ध तिथीने येते, तारखेने नाही, त्यामुळे ते मृत्यूच्या तारखेपेक्षा दहा-बारा दिवस अलीकडे किंवा, मध्ये अधिक महिना आल्यास, अठरा-वीस दिवस पलीकडे जाऊ शकते. प्रेसला तारीख देण्याआधी गुरुजींना विचारून घ्या.

जमत असेल तर हे सगळे ती हयात असतानाच, सहस्रचंद्रदर्शनाचे निमित्त धरून करावे. हजार पौर्णिमा म्हणजे साधारण ८० वर्षे १० महिने. तेव्हा निम्म्या प्रश्नांची उत्तरे तिच्याकडूनच मिळतात, आणि चुका ती स्वतः पकडते.

पहिला महिना : रद्दी थांबवा

सर्वांत जास्त नुकसान तेराव्यानंतरच्या आवराआवरीत होते. कपाट रिकामे करायला चार हात पुढे येतात आणि सगळे ‘जुने कागद’ रद्दीवाल्याकडे जातात. त्यामुळे घरात एकच नियम करावा : सहा महिने तिचा एकही कागद बाहेर जाणार नाही. जे सापडेल ते जाड पाकिटात घालून वर पेन्सिलीने लिहायचे, कुठल्या कपाटात, कुठल्या डब्यात मिळाले ते. जागेवरून काळ कळतो. साडीच्या घडीत ठेवलेले पत्र आणि देवघराच्या खणातले पत्र यांचे वजन सारखे नसते.

काय जपायचे? जुन्या रेशनकार्डावर कुटुंबातली माणसे आणि त्यांची वये असतात. पोस्टाची आणि बँकेची पासबुके, विम्याचे कागद, गॅसचे कार्ड. लग्नपत्रिका, कारण ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’च्या खाली निमंत्रकांची नावे असतात आणि मागे बहुधा आहेराचा हिशोब. भिशीची वही, भजनांची वही, विणकामाच्या नमुन्यांची वही. आणि भिंतीवरची कॅलेंडरे. ‘कालनिर्णय’ १९७३ पासून निघते. अनेक घरांत त्याच्या चौकोनांत दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कुणाचे डोहाळजेवण, कुणाला दिलेले उसने पैसे असे सगळे लिहिलेले असते. जुनी कॅलेंडरे गादीखाली किंवा फडताळात कागद म्हणून घातलेली सापडतात. एका वर्षाचे असे कॅलेंडर हाती लागले तर तिच्या वर्षभराची दैनंदिनी मिळाली असे समजा.

तिचा मोबाइल हा त्याहून घाईचा विषय. नातवाला पाठवलेले आवाजी निरोप म्हणजे बऱ्याचदा तिच्या आवाजाचा एकमेव ठेवा असतो. फोन कुणाला वापरायला देण्याआधी, सिम बंद होण्याआधी सगळे उतरवून घ्या. व्हॉट्सॲपचे खाते १२० दिवस वापरले नाही तर सहसा पुसले जाते. ज्यांना तिचे निरोप आले आहेत त्यांनाही ते ‘एक्स्पोर्ट’ करून पाठवायला सांगा. फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ हे आवर्जून लिहा. नेहमीसारखे पाठवले तर फोटो दाबून लहान होतो आणि छपाईत तोंडे पुसट येतात.

नावे आणि तारखा

तिला किमान तीन नावे असतात : माहेरचे, लग्नात तांदळात लिहिलेले सासरचे, आणि हाकेचे. हाकेची नावे तर माणसागणिक वेगळी. मुलांची आई, पुतण्यांची काकू, वाड्याची अक्का, मंडळातली ताई. ही सगळी नावे पहिल्या पानावर एका चौकटीत द्या. नाहीतर माहेरच्या लेखातली कुसुम आणि सासरच्या लेखातल्या माई एकच, हे नातवंडांना शेवटपर्यंत कळत नाही.

जन्मतारखेवर लगेच विश्वास ठेवू नका. शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल तर ती बहुधा मास्तरांनी घातलेली आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, वय बसवायला तीच तारीख सोयीची. जन्म-मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा १९६९ चा, त्यामुळे त्याआधीच्या, विशेषतः खेड्यातल्या जन्माचा दाखला मिळेलच असे नाही. खरी तारीख पत्रिकेत असते, पण ती शके, महिना, पक्ष, तिथी आणि घटी-पळांत.

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो; मात्र जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवायचे. शके १८६२ चा श्रावण म्हणजे १९४०, पण शके १८६२ चा माघ म्हणजे १९४१. तिथीवरून तारीख काढायला जुने पंचांग किंवा संगणकावरचे पंचांग वापरा, आणि ते महाराष्ट्राच्या अमान्त पद्धतीचे आहे ना हे तपासा; अमान्त म्हणजे अमावास्येला महिना संपणारी. उत्तरेकडच्या पौर्णिमान्त पंचांगात कृष्ण पक्षाला पुढच्या महिन्याचे नाव असते. आपली श्रावण वद्य अष्टमी तिकडे भाद्रपदातली. इथे गल्लत झाली की जन्म एक महिना इकडेतिकडे होतो. वेळ सूर्योदयापासून मोजलेली असते. एक घटी २४ मिनिटांची आणि तिची पळे ६०, म्हणून ‘गतघटी १०, पळे ३०’ म्हणजे सूर्योदयानंतर ४ तास १२ मिनिटे. पंचांगाचा वारही सूर्योदयाला बदलतो. पहाटे तीनला जन्मलेल्या मुलीच्या पत्रिकेत मंगळवार असेल तर इंग्रजी तारीख बुधवारची घ्या. जन्म १९४२ ते १९४५ मधला असेल आणि पत्रिकेत घड्याळाची वेळ असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा : महायुद्धात देशभर घड्याळे एक तास पुढे केलेली होती.

शिक्षणासाठी शाळेकडे जा. शाळांची जनरल रजिस्टरे कायम जपायची असतात. हुजूरपागा (१८८४) किंवा सेवासदन (१९०९) यांसारख्या पुण्यातल्या जुन्या संस्था तर शंभरी ओलांडून गेल्या आहेत. अर्ज माहेरच्या पूर्ण नावाने करायचा. सासरच्या नावाने शोधले तर ‘नोंद नाही’ असे उत्तर येणार आणि ते खरेही असणार. दाखल्यात ‘फायनल’ असेल तर ती मराठी सातवीची परीक्षा. दहावीची पहिली एसएससी १९७५ मध्ये झाली. त्याआधी शालान्त परीक्षा अकरावीला होती. पुस्तिकेत ‘१९५८ साली दहावी’ असे छापले की जाणती माणसे तिथेच हसतात.

बाकीच्या तारखा कुणालाच आठवत नाहीत. ‘कोणत्या साली?’ हा प्रश्न म्हणून बादच करा. त्याऐवजी सगळ्यांना माहीत असलेल्या घटनांच्या खुंट्या ठोका : गांधीवध जानेवारी १९४८, नवे पैसे एप्रिल १९५७, पानशेतचा पूर १२ जुलै १९६१, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, दुष्काळ १९७२, आणीबाणी जून १९७५. मग विचारा, ‘पूर आला तेव्हा मोठा कडेवर होता की शाळेत जात होता?’, ‘भूकंपाच्या पहाटे याच खोलीत होता का?’ अशा चार-पाच उत्तरांतून साल बहुतेक वेळा एका वर्षाच्या फरकात बसते. तेवढीच खात्री असेल तर ‘१९६४ च्या सुमारास’ असेच छापा.

पुराच्या आधीचे फोटो

पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतल्या घरांत एक मोठी फट असते. पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे, आणि नारायण, शनिवार, कसबा या पेठांतल्या कित्येक वाड्यांतले अल्बम, पत्रिका, पत्रे एका दिवसात गेली. कुटुंब पुढे गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा भागांत गेले असेल तर स्थलांतरातही काही राहिले असेल. अशा घरात तिचे लग्नाआधीचे फोटो शोधत बसू नका. ते माहेरी आहेत. भावांच्या घरी, भाचरांच्या अल्बममध्ये, मैत्रिणींच्या लग्नाच्या समूहचित्रांत. मावसबहिणी परगावी दिल्या असतील तर आणखी उत्तम, तिकडे पुराचे पाणी गेले नाही.

समूहचित्रातली माणसे ओळखायची एक खात्रीची रीत आहे. फोटो स्कॅन करून ए-फोर कागदावर मोठा छापा, वर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक डोक्याची बाह्यरेषा काढा, आत आकडा घाला. मग तो कागद घेऊन जाणत्यांकडे एकेकट्याने जा. सगळ्यांना एकत्र बसवले की ज्याचा आवाज मोठा त्याचे म्हणणे खरे ठरते आणि धाकट्या आत्याला जे नक्की ठाऊक असते ते ती बोलत नाही. दोघांनी स्वतंत्रपणे तेच नाव सांगितले तर पक्के, एकानेच सांगितले तर नावापुढे प्रश्नचिन्ह.

काळ्या पानांच्या जुन्या अल्बममधले फोटो कोपऱ्यांत अडकवलेले असतात, ते सहज निघतात. त्रास देतात ते नंतरच्या काळातले चिकट पानांचे, वर प्लॅस्टिक असलेले अल्बम. डिंक मुरलेला असतो. नखाने ओढला की फोटोचा थर फाटतो. दात साफ करायचा पातळ फ्लॉस फोटोच्या पाठीमागून करवतीसारखा हळूहळू सरकवा. तरी सुटत नसेल तर पानासकट स्कॅन करा. तसबिरीत काचेला चिकटलेला फोटो तर मुळीच सोडवू नका, काच पुसून तसाच स्कॅन होतो. ही कामे पावसाळ्यात टाळावीत. दमट हवेत फोटोवरचा थर फुगून मऊ पडतो आणि बोटांचे ठसे कायमचे उमटतात. मार्च ते मे बरा.

फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआय (दर इंचाला इतके ठिपके) ठेवा, पासपोर्ट किंवा त्याहून लहान फोटोला १२००. हिशोब सोपा आहे : छपाईला ३०० डीपीआय लागते, म्हणून २ × ३ इंचांचा फोटो ६०० वर स्कॅन केला तर ४ × ६ इंचांपर्यंत स्वच्छ छापता येतो. कृष्णधवल फोटोही रंगीत मोडमध्येच स्कॅन करा, डाग काढणे सोपे जाते. मूळ फाइल टिफमध्ये, कामाची प्रत जेपेगमध्ये. प्रत्येक फोटोची पाठही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, तारीख, ‘चि. बाळास सप्रेम’ हे सगळे मागेच असते. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले रंगीत फोटो लालसर झालेले असतात, ते संगणकावर बऱ्यापैकी सावरतात. मात्र चेहरे ‘सुधारणारी’ ॲपे वापरू नका. ती सुरकुत्या पुसतात, डोळे नवे बसवतात आणि छापून येते ती दुसरीच कोणी बाई.

कॅसेट सापडली तर आधी उजेडात धरून पाहा. फितीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. तशी कॅसेट चालवली की यंत्राचे हेड खराब होते आणि पुढच्या कॅसेटलाही लागण होते. ती जाणकाराकडेच द्या.

विचारायचे कसे

‘आजी कशी होती?’ या प्रश्नाला ‘फार मायाळू’ यापलीकडे उत्तर नाही. विचारायचे ते कामाबद्दल. सकाळी पहिली उठून ती काय करायची? पाणी नळाचे की हौदाचे, आणि किती वाजता यायचे? चूल, शेगडी, वातीचा स्टोव्ह, पंपाचा स्टोव्ह, गॅस, कोणते कधी? रॉकेलच्या रांगेत कोण उभे राहायचे? पोळ्या किती व्हायच्या आणि कणीक कोण मळायचे? पैसे कुठे ठेवायची, आणि ते कुणाला माहीत होते? आजारी पडली तर घर कोण सांभाळायचे? तिला राग कशाचा यायचा? हा शेवटचा प्रश्न वगळू नये. बहुतेक चांगल्या आठवणी तिथूनच निघतात.

समाजातल्या कामासाठी घरच्यांना विचारून भागत नाही, कारण त्यांना ती फक्त ‘बाहेर गेलेली’ आठवते. महिला मंडळ किंवा भजनी मंडळाची इतिवृत्ताची वही, सोसायटीच्या सभांचे रजिस्टर, बचत गटाचे हिशोब, देवस्थानाच्या पावत्या पाहायला मागा. इतिवृत्तात कोणी ठराव मांडला, कोणी अनुमोदन दिले, कुणाकडे कोणते काम सोपवले हे लिहिलेले असते. मग शेजारणी, तिच्याकडे शिवण किंवा शिकवणी शिकलेल्या मुली, कामाला येणाऱ्या बाई, कोपऱ्यावरचा वाणी. कामाच्या बाईंना आणि वाण्याला कुणीच विचारत नाही, आणि नेमके त्यांनाच तिचे उधार, तिची घासाघीस आणि गुपचूप केलेली मदत ठाऊक असते.

ऐकलेले आकडे सहज तपासून घ्या. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात दोन रात्री मुक्कामाला असतात. ‘तिने एकटीने हजार पोळ्या केल्या’ असे कुणी सांगितले तर किलोभर कणकेच्या साधारण तीस पोळ्या धरून पाहा. तेहतीस किलो कणीक झाली. तेवढी परात त्या घरात होती का? चौकशी केली की बहुतेक वेळा कळते, पोळ्या आठ बायकांनी केल्या, पीठ जमवण्यापासून तव्यांची सोय करण्यापर्यंतची आखणी तिची होती. ती माहिती हजार पोळ्यांपेक्षा मोलाची आहे.

ध्वनिमुद्रण फोनवर चालते. फोन विमान मोडवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, घडी केलेल्या पंच्यावर ठेवा म्हणजे टेबलाचे ठोके येत नाहीत. पंखा बंद, कुकर नंतर. सुरुवातीला तारीख, जागा, बोलणाऱ्याचे नाव स्वतः म्हणा. पंचेचाळीस मिनिटांवर बैठक नेऊ नये. ऐंशीच्या पुढची माणसे तासाभराने दमतात आणि मग ‘हो, तसंच असेल’ म्हणू लागतात. फाइलला त्याच दिवशी नाव द्या, तारीख आधी, मग माणूस : ‘२०२५-०१-१४-धाकटी-आत्या’. एक प्रत संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या घरी.

पाककृती घ्यायची तर लेक किंवा सून तो पदार्थ करत असताना घ्या. ती मुठीने घालणार. घालण्याआधी मूठ वजनकाट्यावर रिती करायला सांगायची. ‘वाटी’ म्हणजे कोणती, ती भरून पाणी मोजून मिलिलिटरमध्ये लिहा. जुन्या वहीत मापटे, शेर, पायली असेल तर ती धान्याची मापे आहेत : दोन मापटी एक शेर, चार शेर एक पायली. तीन-चार पदार्थ पुरेत. चाळीस पाककृती घातल्या की ती पाकपुस्तिका होते आणि बाई मागे राहते.

लेख मागवताना

किती मजकूर लागेल ते आधी काढा. डेमी आकाराच्या (साडेपाच × साडेआठ इंच) पानावर १४ पॉइंटात साधारण २४० शब्द बसतात. वाचणारे निम्मे सत्तरीच्या पुढचे असतात, त्यामुळे १४ च्या खाली जाऊ नये. ६४ पानांतून फोटो, वंशावळ, अनुक्रमणिका वजा जाता ५० पाने मजकुराची, म्हणजे बारा हजार शब्द. त्यात चार हजार शब्दांचे तिचे चरित्र, सहा हजार शब्दांचे वीस लेख, उरलेल्यात पत्रे, पाककृती, दिनक्रम. वीसच लेख, आणि प्रत्येकी तीनशे शब्द. हे पत्रातच स्पष्ट लिहायचे :

‘ती. सौ. मावशीस सा. न. वि. वि. माईंच्या स्मरणिकेसाठी तुझ्याकडून सुमारे ३०० शब्दांचा मजकूर हवा आहे. त्यांच्याबरोबर प्रत्यक्ष घडलेला एकच प्रसंग लिही; कुठे, साधारण कधी, आणखी कोण होते, त्या काय म्हणाल्या हे यावे. हाताने लिहिलेस तरी चालेल. जमणार नसेल तर मी येऊन ऐकून लिहून घेईन. ३० नोव्हेंबरपर्यंत मिळावे.’

शेवटच्या वाक्याच्या आधीचे ‘ऐकून लिहून घेईन’ महत्त्वाचे. ज्यांना सांगण्यासारखे सर्वांत जास्त असते, त्याच बायका ‘मला कुठं लिहिता येतं’ म्हणून गप्प बसतात. तारीख खऱ्या मुदतीच्या तीन आठवडे आधीची द्या.

संपादन करताना गुणवाचक वाक्याजवळ थांबा आणि लेखकाला फोन करा. ‘त्या फार परोपकारी होत्या’ असे आले तर ‘कुणाला काय दिले?’ विचारा. उत्तर येते, ‘खालच्या खोलीतल्या मुलीची परीक्षेची फी शिलाईच्या पैशांतून भरली होती.’ मग दुसरे वाक्य ठेवा, पहिले काढा. बोली मात्र सुधारू नका. मावशी ‘आलेली व्हती’ म्हणत असेल तर तिच्या तोंडी तेच शोभते. एकच प्रसंग तिघांनी सांगितला तर सर्वांत तपशिलाचा ठेवा आणि इतर दोघांकडून दुसरे काहीतरी मागा. नुसता गाळला तर रुसवे होतात, आणि ते पुढच्या मंगलकार्यापर्यंत पुरतात.

काय छापू नये? इस्टेट आणि वाटण्या, हयात माणसांची भांडणे आणि आजारपणे, ज्याची परवानगी नाही ते कुठलेही पत्र. लेकीसुनांच्या जन्मतारखा आणि माहेरची नावे एकत्र, सविस्तर देणेही टाळा; आईचे माहेरचे आडनाव हा बँकांचा आवडता सुरक्षा-प्रश्न आहे. आणि काय लपवू नये? लहानपणी गेलेली मुले. तिने सात बाळंतपणे सोसली असतील तर वंशावळीत सातही नावे यावीत, बारशाआधी गेलेले असेल तर ‘मुलगा, १९५९’ एवढे तरी. वंशावळ काढताना जुन्या कुलवृत्तांताची नक्कल करू नका; त्यांत बऱ्याचदा लेकींपाशी रेघ संपते. इथे लेकी, त्यांची मुले, आणि डाव्या बाजूला तिच्या माहेरच्या दोन पिढ्या हव्यात. चार पिढ्यांच्या वर गेलात तर डेमीत मावत नाही, मधल्या पानांत घडीचा कागद घालावा लागतो आणि खर्च वाढतो.

मांडणी आणि प्रेस

मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे मोबाइल-संगणकावर सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांतच, टंकित करा. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या आणि सदाशिव, नारायण पेठांतल्या डीटीपीवाल्यांपैकी (संगणकावर पाने जुळवणाऱ्यांपैकी) काही जण अजून पेजमेकर आणि श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांवर काम करतात. तिथे युनिकोड मजकूर रूपांतर करून घालावा लागतो आणि त्यात रफार सरकतो, ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो, ‘ॲ’ गायब होतो. पहिल्या भेटीत ‘युनिकोड चालेल ना?’ एवढे विचारा. इनडिझाइन हे मांडणीचे सॉफ्टवेअर वापरत असतील तर ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ चालू असल्याशिवाय जोडाक्षरे फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते. नमुन्याला एक परिच्छेद द्या, ज्यात ‘दुसऱ्या, कुऱ्हाड, धैर्य, श्रद्धा, ॲल्युमिनियम, शिक्षक’ असे शब्द असतील. तो नीट आला तर पुढचे येईल.

कागद : मजकुराला ७० किंवा ८० जीएसएम (कागदाचे चौरस मीटरला ग्रॅममधले वजन) मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांचा साधा कागद, शक्यतो किंचित पिवळसर, डोळ्यांना बरा. फोटो मजकुरात विखुरण्यापेक्षा १३० जीएसएम आर्ट पेपरच्या आठ पानांत एकत्र घेतले तर उठून दिसतात आणि स्वस्तही पडतात. मुखपृष्ठ ३०० जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन. ऑफसेटला पाने सोळाच्या फॉर्ममध्ये (एकत्र छापल्या जाणाऱ्या गटात) जातात, म्हणून ६४ किंवा ८० धरा. ६६ केलीत तर दोन पानांसाठी नवा फॉर्म चढतो. बांधणी ६४ पानांपर्यंत मध्ये पिना मारून चालते, त्यात एकूण पाने चाराच्या पटीत हवीत. त्यापुढे परफेक्ट बाइंडिंग (पाने कडेला डिंकाने चिकटवलेली बांधणी) घ्या आणि आतला समास १८ मिलिमीटरच्या खाली नेऊ नका, नाहीतर ओळींचे शेवटचे शब्द बांधणीत जातात. कडेपर्यंत जाणाऱ्या फोटोला चहूबाजूंनी ३ मिलिमीटर जादा सोडायचे.

प्रती माणसांवर मोजू नका, घरांवर मोजा. साठ घरे, मंडळ, शाळा, परिसरातले वाचनालय आणि वीस जादा. शंभर-दीडशे प्रतींना डिजिटल छपाई परवडते. तीनशे-चारशेच्या पुढे ऑफसेट. दर तिघांकडून मागवा आणि तिघांनाही आकार, पाने, दोन्ही कागद, मुखपृष्ठ, बांधणी, प्रती हे सगळे लिहून एकच कागद द्या. तोंडी विचारलेत तर तीन वेगळ्या वस्तूंचे तीन दर येतील.

मुद्रितशोधन तीन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत फक्त नावे, नाती, तारखा; प्रत्येक घराचे पान त्या घरातल्या माणसाला दाखवून सही घ्या. दुसरी शुद्धलेखनाची, ज्याने मजकूर आधी वाचलेला नाही अशा माणसाकडून. तिसरी छापील नमुना प्रतीवर, फोटोखालच्या ओळींसाठी, कारण अदलाबदल तिथेच होते. मोबाइलवर पीडीएफ वाचून होकार देऊ नका. पडद्यावर ‘शांता’ आणि ‘शांती’ सारखेच दिसतात. सर्वांत जास्त चुका मुखपृष्ठावर राहतात. मोठ्या अक्षरांकडे कुणी पाहत नाही.

एवढे करूनही चार दुरुस्त्या येणारच. म्हणून शेवटी दोन कोरी पाने सोडा, वर ‘दुरुस्ती व भर’ एवढेच छापा आणि खाली एका माणसाचा ईमेल. वितरणाच्या दिवशी दाराशी एक वही आणि पेन ठेवा. प्रती हातात पडल्या की लोक तिथेच फोटो ओळखू लागतात. ती नावे त्याच दिवशी ट्रेसिंगच्या कागदांवर चढवा. ध्वनिमुद्रणे, स्कॅन आणि मूळ मजकूर यांचा एक पेनड्राइव्ह प्रत्येक भावंडाच्या घरी जाऊ द्या, आणि मूळ कागद कुणाकडे राहणार हे सगळ्यांसमक्ष ठरवून पाकिटांवर लिहा. फोटोंच्या पेटीत डांबराच्या गोळ्या घालू नका. सिलिका जेलच्या पुड्या पुरतात, त्या दर पावसाळ्यानंतर बदलायच्या.